4 ओहमच्या टॉवर स्पीकरांना कोणता एव्ही रिसीव्हर घ्यावा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: इंदूरला लोकमान्य नगरात 12 बाय 15 फुटांची खोली, नवे टॉवर स्पीकर घेतलेत, त्यांच्या मागे ‘4 ओहम, 87 डेसिबल, 30–200 वॅट’ लिहिलंय (ओहम म्हणजे विजेला होणारा अडथळा, डेसिबल म्हणजे आवाजाची पातळी). सेंटर, दोन सराउंड आणि सबवूफर आहे. दुकानदार म्हणतो, 200 वॅटचाच एव्ही रिसीव्हर (टीव्ही वगैरेंचा आवाज घेऊन सगळे स्पीकर चालवणारा अँप, म्हणजे अँप्लिफायर) लागेल.

नाही लागणार. शिवाय तो ज्याला 200 वॅटचा म्हणतोय, तो बहुतेक 200 वॅटचा नसेलच.

आधी हिशेब करू. कॅटलॉगमध्ये 87 डेसिबलपुढे बारीक अक्षरांत 2.83 व्होल्ट लिहिलंय का बघा. 8 ओहमच्या स्पीकरला 2.83 व्होल्ट दिले की बरोबर 1 वॅट जातो, 4 ओहमच्या स्पीकरला मात्र तेवढ्यातच 2 वॅट जातात. तसं लिहिलेलं असेल तर 1 वॅटला तुमचे स्पीकर खरे 84 डेसिबलचे, तेही 1 मीटरवर. सोफा 3 मीटरवर धरला तर बंद खोलीत तिथपर्यंत साधारण 6 डेसिबल गळतात, उरले 78. सिनेमातले संवाद घरात 70–75 डेसिबलवर ऐकले जातात, म्हणजे एक वॅटही खर्च होत नाही. धमाके त्याच्या 20 डेसिबल वर जातात, म्हणजे 95 पर्यंत. दर 3 डेसिबलला वॅट दुप्पट होतात, त्यामुळे 95 ला सुमारे 50 वॅट लागतील. थिएटरच्या मापाने 105 डेसिबल हवे असतील तर 500 वॅट, पण तेवढ्यात खालच्या मजल्यावरचे काका वर येतील.

तर 50 वॅट पुरतात, पण ते 4 ओहममध्ये मिळायला हवेत, खरी मेख इथेच आहे. 8 ओहममध्ये 50 वॅटला 2.5 अँपिअर करंट लागतो, 4 ओहममध्ये 3.5. स्वस्त रिसीव्हर वॅटला नाही, करंटला कमी पडतो. मग तो तापतो, प्रोटेक्शनमध्ये (स्वतःला वाचवायला) जाऊन ऐन क्लायमॅक्सला बंद पडतो. किंवा त्याहून वाईट म्हणजे आवाज फाटतो (क्लिपिंग) आणि ट्वीटर (उंच स्वरांचा छोटा स्पीकर) जळतो. ट्वीटर जास्त वॅटमुळेच जळतो असा समज आहे; छोटा अँप ताणूनही तो जळतो.

खोक्यावरच्या आकड्यावर जाऊ नका. ‘6 ओहम, 1 किलोहर्ट्झ, 10 टक्के डिस्टॉर्शन, 1 चॅनेल’ असं (डिस्टॉर्शन म्हणजे आवाजाची विकृती) लिहून जो 150 वॅटचा म्हणवतो, तोच ‘8 ओहम, 20 हर्ट्झ ते 20 किलोहर्ट्झ, 0.08 टक्के, 2 चॅनेल’ या ओळीत 80 वॅटचा निघतो. तुलना नेहमी दुसऱ्या ओळीची करा. तिथे 80 ते 100 वॅट असले की तुमचं काम झालं. मग मॅन्युअलची पीडीएफ उघडून फ्रंट चॅनेलला किती ओहम चालतात ते बघा: ‘4–16’ हवं. ‘6–16’ असेल तर ते मशीन सोडा.

मेनूत इम्पिडन्सची (म्हणजे ओहमची) सेटिंग असते, 8 चं 4 करायची. दुकानदार हमखास ‘करून घ्या’ म्हणतो. त्याने रिसीव्हरचा व्होल्टेज आतून कमी होतो. मशीन गार राहतं खरं, पण आवाज लवकर फाटतो. मॅन्युअल 4 ओहम चालतात म्हणत असेल आणि मशीन फार तापत नसेल तर ती 8 वरच राहू द्या.

खरा भार हलका होतो तो सबवूफरने. टॉवर कितीही उंच असले तरी मेनूत ते ‘स्मॉल’ करा, क्रॉसओव्हर (ज्याच्या खालचा बास सबवूफरकडे जातो ती सीमा) 80 हर्ट्झ. खालचा सगळा बास सबवूफरचा स्वतःचा अँप उचलतो. सबवर क्रॉसओव्हरचं बटण असेल तर ते पूर्ण वर फिरवा, नाहीतर दोनदा काटछाट होते.

पैसे थोडे वाढवायचे असतील तर वॅटवर नाही, फ्रंटच्या प्री-आउटवर (वेगळ्या अँपला सिग्नल देणारं सॉकेट) वाढवा. पुढे कमी पडलंच तर फक्त पुढच्या जोडीला वेगळा पॉवर अँप लावता येतो. रिसीव्हरचे दोन जादा चॅनेल बाय-अँपिंगला (एकाच स्पीकरला दोन चॅनेल लावायला) वापरा असं कोणी म्हटलं तर हसून सोडून द्या, पॉवर सप्लाय एकच असतो. त्यापेक्षा त्यांवर छतातले अ‍ॅटमॉस स्पीकर लावा. टीव्हीशी जोडायला ई-आर्क (टीव्हीचा आवाज एचडीएमआय वायरीतूनच रिसीव्हरकडे आणणारी सोय) हवा. जुना रिसीव्हर घेत असाल तर 2020 च्या काही मॉडेलांत 4के-120 ला गेमिंग कन्सोलवर पडदा काळा व्हायचा, तेवढं तपासून घ्या. अमेरिकेतल्या भाच्याने आणलेला सेट 120 व्होल्टचा असतो, आपल्या 230 ला थेट लावला की संपला.

वायर: 1.5 चौरस मिलिमीटरच्या तांब्याला 10 मीटरवर येऊन-जाऊन सुमारे 0.23 ओहम पडतात. 4 ओहमला हे जास्त आहे, 2.5 घ्या, 0.14 वर येतं. वायर सोलून चाकूने खरवडा, आत पांढरं दिसलं तर अ‍ॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा आहे. टोकाचा एक सुटा तंतू शेजारच्या टर्मिनलला लागला तरी प्रोटेक्शनचा दिवा लुकलुकतो, म्हणून बनाना प्लग लावा.

रिसीव्हरच्या डोक्यावर निदान 15 सेंटीमीटर मोकळं ठेवा, वर सेट-टॉप बॉक्स नको. आपल्या मे महिन्यात तर नाहीच. ऑटो कॅलिब्रेशन (रिसीव्हर माइकने खोली मोजून आवाज जुळवतो ते) करताना माइक सोफ्याच्या पाठीवर न टेकवता स्टँडवर, कानाच्या उंचीला लावा. पंखा आणि कूलर दोन्ही बंद करा, नाहीतर मशीन कूलरची घरघर मोजत बसेल. झालं की मेनूत परत जाऊन बघा: बरेचदा ते टॉवरांना आपल्या मनाने ‘लार्ज’ करून टाकतं, आणि 80 पुन्हा हाताने टाकावं लागतं.