ढोल थांबल्यानंतरची सकाळ

ताई, नमस्कार.

मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आहे. शिगम्याच्या (आमच्याकडच्या होळीच्या उत्सवाच्या) आधी आमच्या गावात मांडावर, म्हणजे शिगमा जिथे खेळतात त्या जागेवर, रोमटाची, म्हणजे ढोल-ताशांवरच्या मिरवणुकीच्या नाचाची, तालीम चालू होती. कोणाचा तरी मोबाईल सापडेना आणि कडेला उभं राहून बघणाऱ्या एका मुलावर संशय गेला. तो बाहेरून आलेला, पोदेराकडे (पाव भाजणाऱ्याकडे) कामाला आहे. पहाटे सायकलवरून आमच्या दारात पाव तोच द्यायचा. आधी दोघांनी धरलं, मग दहा जणांनी. माझा मित्र मधे पडला, त्या मुलावर आडवा झाला. त्याच्याही खांद्यावर काठी बसली. मोबाईल शेवटी ज्याचा होता त्याच्याच स्कूटरच्या डिकीत मिळाला.

आता सगळे मित्राला 'पिसो' (वेडा) म्हणतात, तालमीला बोलावत नाहीत. पाव दुसराच कोणी आणतो. त्या मुलाची सायकल अजून मांडाच्या कडेला पडून आहे, टोपली मोडलेली.

मी आणि मित्राने 'लॉर्ड ऑफ द फ्लाईज' बरोबर वाचलं होतं. वर्गात तो सायमनच्या बाजूने भांडला होता. सायमनचं काय होतं ते तुम्हाला ठाऊक असेल, म्हणून मला भीती वाटते. इतकं चांगलं असणं म्हणजे भोळेपणाच ना? त्याला सांभाळून राहायला कसं सांगू? तो माझ्याशी नेहमीसारखाच बोलतो आणि तेच मला सहन होत नाही.

एक सांगायचं राहिलं. मी ढोलावर होतो. मारहाण सुरू झाली तेव्हा माझे हात लगेच थांबले नाहीत.

— ढोलावर होतो तो, डिचोली तालुका, गोवा


बाळा,

शेवटची ओळ तू 'सांगायचं राहिलं' म्हणून लिहिलीस. मला वाटतं, सगळं पत्र त्या एका ओळीसाठी लिहिलं गेलंय. तिच्याकडे मी येणारच आहे. पण आधी सायमन, कारण त्याला तू भोळा ठरवून टाकलंस आणि ते मला अजिबात पटलेलं नाही.

ज्यांनी ही कादंबरी वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. विल्यम गोल्डिंगची ही कादंबरी १९५४ सालची. युद्धाच्या दिवसांत विमान पडतं आणि इंग्लंडमधली शाळकरी मुलं एका निर्जन बेटावर अडकतात. सोबत एकही मोठं माणूस नाही. सुरुवातीला सभा भरते, शंख ज्याच्या हातात त्यानेच बोलायचं असं ठरतं, राल्फला पुढारी निवडतात. मग जॅकच्या टोळीला डुकरांच्या शिकारीची चटक लागते, तोंडं रंगवली जातात, आणि बेटावर कसलंसं भयंकर जनावर आहे ही भीती सगळ्यांना ग्रासते. गोल्डिंग शाळामास्तर होता आणि दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश नौदलात होता. मुलं त्याने जवळून पाहिली होती आणि मोठी माणसं एकमेकांचं काय करतात तेही.

त्या मुलांत हा सायमन. हडकुळा, मधूनच घेरी येऊन पडणारा. तो काय काय करतो ते आठव. झोपड्या बांधू या म्हटल्यावर सगळे हो म्हणतात आणि पांगतात. राल्फबरोबर राबत राहतो तो हा. लहान पोरांचे हात फांदीला पोचत नाहीत, तर हा वरची चांगली फळं काढून त्यांच्या हातात देतो. जॅकच्या फटक्याने पिगी नावाच्या जाड्या मुलाचा चष्मा उडतो, तेव्हा आधी पोचून तो शोधून देणारा हाच. जॅक पिगीला मांस देत नाही, तेव्हा सायमन तोंड पुसतो आणि आपला तुकडा खडकावरून पिगीकडे सरकवतो. पुढचं वाक्य मी कितीदा वाचलं असेन. शेजारी बसलेले जुळे भाऊ खिदळतात आणि सायमन शरमून मान खाली घालतो. चांगलं काम करणाऱ्यालाच तिथे लाज वाटायला लावलेली आहे. तुझ्या मित्राला 'पिसो' म्हणतात तेव्हा तो कुठे बघतो, हे एकदा नीट पाहा.

भोळ्या माणसाला वाईट दिसतच नाही. सायमनला ते सगळ्यांच्या आधी दिसतं. सभेत बोलायची त्याला धडकी भरते, तरी तो चाचरत सांगतो की जनावर असेलही, पण कदाचित ते आपणच असू. सगळे त्याला हसतात. पुढे डोंगरमाथ्यावर जनावर बसलंय म्हणून सगळे गर्भगळीत होतात, तेव्हा वर जाऊन बघायला हवं असं म्हणणारा तो एकटा, आणि जातोही एकटाच. वर असतं पॅराशूटच्या दोऱ्यांत गुंतलेलं एका माणसाचं कुजलेलं प्रेत. वारा आला की ते उठून बसल्यासारखं होतं. सायमनला ओकारी येते. मग तो त्या दोऱ्या खडकातून सोडवतो, मेलेल्या माणसाची ती विटंबना थांबवतो, आणि अंगात त्राण नसताना खाली निघतो. खाली पोरं भीतीने अर्धी झालीत, त्यांना खरं काय ते सांगायला हवं म्हणून. यात भोळेपणा कुठे आहे ते तूच मला दाखव.

खाली वादळ, विजा आणि नाच. शिकारीचं सोंग, एकच घोष, माणसांचं रिंगण. जंगलातून सरपटत कोणीतरी त्या रिंगणात येतं आणि डोंगरावरच्या मेलेल्या माणसाबद्दल काहीतरी ओरडून सांगू लागतं. तेच जनावर समजून सगळे त्याच्यावर तुटून पडतात.

तुझी भीती म्हणूनच खोटी नाही. चांगल्याचं चांगलंच होतं असं मी तुला सांगणार नाही, माझं वय आता तेवढं लहान नाही. पण ते पान पुन्हा काढ आणि एवढंच शोध: त्या रिंगणातल्या एकाने तरी 'अरे, हा सायमन आहे' असं म्हटलं का? ते एक नाव कोणी घेतलं असतं तर हात थबकले असते की नाही, मला माहीत नाही. पण नाव कोणी घेतलं नाही. सायमन सावध राहिला असता तर वाचला असता, असं कादंबरीत कुठेच नाही. तेव्हा मित्राला 'सांभाळून राहा' म्हणून सांगायला जाऊ नकोस. त्याने कमी चांगलं व्हावं हा उपायच नव्हे. तो एकटा पडतोय, तिथे जाऊन तू उभा राहा.

आणि त्याचा देवमाणूस करू नकोस. गोल्डिंगच्या मूळ हस्तलिखितात सायमनभोवती दैवी वलय बरंच जास्त होतं. प्रकाशनसंस्थेतले संपादक चार्ल्स मॉन्टिथ यांनी ते कमी करायला लावलं. मला ते फार योग्य वाटतं. एखाद्याला देव म्हटलं की आपण सुटतो. तो वेगळा, त्याला जमतं, आपल्याला कसं जमणार. तुझ्या मित्राच्या खांद्याला काठी लागली आणि तो दुखला. आधी तो खांदा कसा आहे ते विचार. पत्रात तू ते लिहिलेलं नाहीस.

कवळ्याच्या शांतादुर्गेची कथा तुला घरातून माहीत असेल. शिव आणि विष्णू यांच्यात जुंपली तेव्हा देवी मधे उभी राहिली, दोघांना शांत केलं, म्हणून ती शांतादुर्गा. मधे पडणाऱ्या देवीची आपण ओटी भरतो आणि मधे पडणाऱ्या पोराला पिसो म्हणतो, हे मला फार लागतं. माझ्या आईच्या तोंडी तिचं नाव सतत असायचं, म्हणून जास्तच लागत असेल.

'पोरं अशीच असतात' असं कोणी सांगेल, तेही मानू नकोस. १९६५ साली टोंगामधली सहा शाळकरी मुलं होडी भरकटून आटा नावाच्या निर्मनुष्य बेटावर खरोखरच अडकली होती, वर्षाहून अधिक काळ. भांडण झालं की दोघांनी दोन दिशांना जायचं आणि डोकं निवल्यावर परत यायचं, अशी त्यांनी रीत पाडली. एकाचा पाय मोडला तर बाकीच्यांनी तो बांधला आणि त्याच्या वाट्याचं काम आपसांत वाटून घेतलं. १९६६ साली सुटका झाली तेव्हा सहाच्या सहा जिवंत होते.

आता ती ओळ.

त्या नाचात राल्फ आणि पिगीही होते, हे तू विसरला नसशील. उजाडल्यावर राल्फ म्हणतो, तो खून होता. पिगीला ते ऐकवत नाही. अंधार होता, वादळ होतं, तो अपघात होता, आपण तर कडेला होतो, आपण काही केलं नाही, काही पाहिलं नाही. तेवढ्यात जुळे येतात. तेही म्हणतात, आम्ही लवकर निघालो होतो. जुळ्यांपैकी एकाच्या कपाळावर ओरखडा आहे, दुसऱ्याचा ओठ फाटलाय, आणि चौघांनाही ठाऊक आहे. मला खुनाच्या पानापेक्षा या पानाची जास्त भीती वाटते. रात्री त्यांचं भान सुटलं होतं. सकाळी ते पूर्ण भानावर होते आणि तेव्हा त्यांनी खोटं निवडलं.

तुझ्या गावात आत्ता ती सकाळ चालू आहे. 'काळोख होता', 'कोणी मारलं दिसलं नाही', हे तुझ्याही कानावर आलं असेल. तू मात्र मला लिहिलंस की हात थांबले नाहीत. राल्फने उच्चारला तसाच खरा शब्द तू उच्चारलास. तो फक्त परक्या बाईला लिहून चालणार नाही.

मी रोमटं बघत वाढले. ढोलावर हात बसला की तो आपल्या हुकमात राहत नाही, ताशाच्या मागे आपोआप धावतो, हे मला कळतं. त्या तालाने मी स्वतः रडलेली आहे. राल्फलाही एकदा, एका मुलाला डुक्कर करून खेळता खेळता, त्याला दुखवण्याची अनावर ओढ वाटली होती, आणि राल्फ काही दुष्ट मुलगा नाही. पण तुझ्या ढोलाच्या तालावर एका मुलाला मार बसत होता आणि तो आवाज त्याच्या कानांवर पडत होता. हे मी सौम्य करून सांगितलं तर तुझ्या खरेपणाचा अपमान होईल. मांडावर आधी नमन घालतात, गावच्या देवांना हाक देतात, मगच पुढचं सगळं. त्या जागेवर हे झालं, म्हणून ते तुला झोपू देत नाही. झोप येत नाही ते बरंच आहे.

मित्र नेहमीसारखा बोलतो, कारण बहुतेक तो वाट बघतोय. त्याच्या घरी जा. 'माझे हात थांबले नाहीत' एवढं सांग आणि पुढे कारणं जोडू नकोस. तो रागावला तर रागावू दे.

कोणाकडे त्या रात्रीचा व्हिडिओ असेल तर तो पुसू नका आणि कुणाला पाठवूही नका. तक्रार करायची की नाही हे त्या मुलाने ठरवायचं. त्याने करायची म्हटली तर तू साक्ष द्यायची, आणि वकील परवडत नसेल तर विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत मिळण्याची सोय आहे हे त्याला सांगायचं. मांडाच्या जाणत्यांपाशीही बोलायला हवं. त्यासाठी आईला किंवा तुझं ऐकणाऱ्या एखाद्या वडीलधाऱ्याला बरोबर घे. एकट्या पोराला चार शब्दांत उडवून लावतात.

पण या सगळ्याच्या आधी ती सायकल उचल. कितीतरी दिवस ती तिथे पडून आहे आणि जाता-येता सगळं गाव तिच्याकडे न बघता जातंय. टोपली नवी घे, चाकात हवा भर, आणि दुपारी भट्टीवर कामाची गर्दी नसताना ती तिथे घेऊन जा. घोळक्याने जाऊ नकोस, तो घाबरेल. तुला एकट्याला बघूनही घाबरेल, म्हणून मित्राला विचार, येतोस का.

पत्रात तू मित्राचं नाव लिहून खोडलं आहेस, खोडलेल्याखाली मला ते दिसलं. त्या मुलाचं नाव कुठेच नाही, खोडलेलंसुद्धा नाही. रोज पहाटे तो तुमच्या दारात यायचा. मला वाटतं, तुला ते माहीतच नाही. सायकल हातात दिलीस की आधी ते विचार.

— ताई