नर्सिंग कॉलेजात आश्रमशाळेतून, मराठी माध्यमातून आलेल्या मुली टिकाव्यात म्हणून नेमकं काय करावं?

तुमचा प्रश्न असा आहे: बी.एस्सी. नर्सिंगच्या कॉलेजात तुम्ही ट्यूटर आहात, समावेशन कक्षाचं (वंचित गटांतल्या मुलींना सामावून घेण्यासाठीच्या कक्षाचं) काम तुमच्याकडे आलं आहे, आणि पहिल्याच सेमिस्टरला काही मुली मागे पडतात किंवा सामान उचलून घरी जातात. त्यात आश्रमशाळेतून आणि मराठी माध्यमातून आलेल्या मुली जास्त. फलक लावणं आणि जयंत्या साजऱ्या करणं यापलीकडे काय करता येईल, असं तुम्ही विचारलं आहे.

माझं स्पष्ट मत आहे की या मुली तीन ठिकाणी अडकतात. शिष्यवृत्तीचे पैसे, औषधाचं गणित आणि वॉर्डात खावी लागणारी बोलणी. तिन्ही गोष्टी पहिल्या आठ-दहा आठवड्यांत घडतात. तुमच्या कक्षाची पहिली बैठक डिसेंबरात होणार असेल, तर ज्यांच्यासाठी तो उघडलाय त्यांतल्या काही जणी तोवर घरी गेलेल्या असतील.

पैशापासून सुरुवात करा. महाडीबीटीचा, म्हणजे राज्य सरकारच्या शिष्यवृत्ती पोर्टलवरचा, अर्ज भरणं हे मुलीचं काम आहे असं समजून कॉलेज हात झटकतं आणि घोळ तिथेच होतो. प्रवेशाच्या दिवशीच प्रत्येकीची फाइल उघडून पाहा: जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र किंवा निदान समितीकडे अर्ज केल्याची पोच, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, बारावीची गुणपत्रिका, टी.सी., सीईटी कक्षाचं जागावाटपाचं पत्र, रेशनकार्ड, आणि मध्ये वर्ष गेलं असेल तर त्याचं प्रतिज्ञापत्र. हॉस्टेलला राहणारीसाठी रेक्टरच्या सहीचा दाखला लागतो. तो नसेल तर अर्ज घरून ये-जा करणारीचा समजला जातो आणि निर्वाह भत्ता कमी मिळतो. अनुसूचित जाती-जमातींच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीला उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख आहे. इतर मागास, सामाजिक-शैक्षणिक मागास आणि आर्थिक दुर्बल गटांतल्या ज्या मुलींच्या घरचं उत्पन्न आठ लाखांच्या आत आहे आणि ज्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून आल्या आहेत, त्यांना २०२४-२५ पासून शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्कात पूर्ण सवलत आहे. व्यवस्थापन कोट्यातून आलेलीला ती लागू होत नाही. हे प्रवेशाच्या वेळीच पालकांना सांगा, नंतर रडारड होते.

अर्ज भरला म्हणजे काम झालं, असं नाही. बँक खातं आधारला जोडलेलं असणं एक आणि त्यात थेट अनुदान जमा होईल अशी नोंद असणं दुसरं. ज्या खात्याची अशी नोंद सर्वांत अलीकडे झाली, त्याच खात्यात पैसे जातात. ते खातं बरेचदा गावाकडचं, शाळेत असताना उघडलेलं आणि व्यवहार नसल्यामुळे बंद पडलेलं असतं. बँकेत एक फेरी मारली की हे कळतं, म्हणून पहिल्याच महिन्यात दहा-दहा मुलींना ट्यूटरसोबत बँकेत पाठवा. दुसरी चूक मोबाइलची. आधारला वडिलांचा नंबर असतो, अर्ज त्रुटीसाठी परत आल्याचा मेसेज त्यांच्याकडे जातो, आणि मुलीला ते मुदत संपल्यावर कळतं. तिसरी चूक कॉलेजची: अर्ज क्लार्कच्या लॉगिनला नुसता पडून राहतो. दर शुक्रवारी क्लार्कसोबत बसून किती अर्ज आपल्याकडे, किती विभागाकडे, किती परत, हे तीन आकडे प्राचार्यांच्या टेबलावर ठेवा. आणखी एक, फीचा वाटा थेट मुलीच्या खात्यात आला की घरी वाटतं ते तिच्या खर्चाचे पैसे आहेत. ते बी-बियाण्यात किंवा कर्जात गेले की सेमिस्टर संपताना कॉलेजचा तगादा सुरू होतो. मुलगी आणि आईवडील यांना ही गोष्ट एकत्र बसवून, त्यांच्या भाषेत, आधीच सांगितली पाहिजे.

शासकीय वसतिगृहात जागा मिळाली नाही, तर अनुसूचित जातीच्या आणि नवबौद्ध मुलींसाठी स्वाधार, आदिवासी मुलींसाठी स्वयम्, आणि इतर मागासवर्गासाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आहे. मुंबई-पुणे-नागपूरसारख्या मोठ्या शहरांत वर्षाला ६०,०००, इतर महापालिका क्षेत्रांत ५१,००० आणि जिल्ह्याच्या ठिकाणी ४३,००० रुपये, असं साधारण गणित आहे. पण हे पैसे उशिरा येतात, आणि मेसचं बिल दर महिन्याला येतं. म्हणून मेसच्या बिलासाठी तीन महिन्यांची उसनवार सोय संस्थेकडून करून घ्या. कक्षाला फक्त एकाच गोष्टीसाठी पैसे मिळणार असतील, तर ते यासाठी मागा. त्यासोबत एक कपाट ठेवा: बी.पी. मशीन, स्टेथोस्कोप, सेकंद काटा असलेली घड्याळं, जुनी पण चालू आवृत्तीची पुस्तकं, धुऊन इस्त्री केलेले जुने युनिफॉर्म. साठ मुलींच्या बॅचला आठ-दहा संच पुरतात. नोंदवहीत फक्त वस्तूचा नंबर आणि परतीची तारीख लिहा, का हवं ते विचारू नका.

शिष्यवृत्तीच्या नावाखाली वर्गात "एस.सी., एस.टी.वाल्या उभ्या राहा" असं म्हणणं आजच बंद करा. बॅचच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर प्रवर्गनिहाय याद्या टाकणंही बंद. एका मिनिटाचं काम वाचतं, पण पुढची चार वर्षं ती मुलगी "कोट्यातली" होऊन बसते. याद्या ऑफिसात ठेवा आणि मुलींना नावानं, एकटीला बोलवा.

आता भाषा. २०२१ पासूनच्या नव्या अभ्यासक्रमात संवादात्मक इंग्रजी पहिल्या सेमिस्टरला आहे आणि त्यात ४० टक्क्यांना पास होता येतं. त्यामुळे सगळ्यांना वाटतं, इंग्रजीचं झालं. पण त्याच सेमिस्टरला शरीररचना, शरीरक्रिया आणि नर्सिंग फाउंडेशनही असतं, आणि तिथे लेखी व प्रॅक्टिकलमध्ये वेगवेगळे ५० टक्के लागतात. या मुलींना व्याकरणाच्या तासाची गरज नसते. त्यांना लागतात वॉर्डात रोज वापरायची साठ-सत्तर वाक्यं. जुन्या केसपेपरवरच्या नर्सेस नोट्समधून ती काढा, पेशंटची ओळख पुसून टाका, छापून द्या. हँडओव्हर, म्हणजे ड्यूटी बदलताना पुढच्या सिस्टरला पेशंटची माहिती देणं, पाच वाक्यांत बसवा: पेशंट कोण, कशासाठी दाखल, या ड्यूटीत काय झालं, आत्ता कसा आहे, पुढच्या ड्यूटीनं काय करायचं. पहिला आठवडा मराठीत बोलू द्या. दुसऱ्या आठवड्यात तेच पेशंट, तीच पाच वाक्यं, इंग्रजीत. मराठीत नीट सांगता येत नसेल, तर अडचण भाषेची नाही, पेशंट समजलेला नाही. हा फरक कळला की शिकवायचं काय ते कळतं. व्हायवालाही (तोंडी परीक्षेलाही) हाच नियम लावा: आधी मराठीत उत्तर, मग इंग्रजीत. निदान इंटर्नल परीक्षेत तरी हे तुमच्या हातात आहे.

औषधाच्या गणिताला आठवड्यातून दोनदा पाऊण तास द्या, आणि फळ्यावर नाही, हातात खरी व्हायल (औषधाची छोटी बाटली) आणि सिरिंज देऊन. उदाहरणार्थ, अमिकासिनची व्हायल ५०० मिलिग्रॅम, २ मिली. ऑर्डर ३७५ मिलिग्रॅमची. उत्तर दीड मिली. चुकणारी मुलगी हमखास ०.७५ मिली सांगते, कारण लेबलवरचं ५०० हे एका मिलीतलं समजते. भागाकार तिला येतो, लेबल कसं वाचायचं ते कुणी दाखवलेलं नसतं. सलाइनचं तसंच. ५०० मिली चार तासांत, सेट २० थेंबांचा (एका मिलीला २० थेंब पाडणारी नळी), तर ५०० गुणिले २० भागिले २४० मिनिटं, म्हणजे मिनिटाला ४२ थेंब. इथे दोन चुका होतात: तासांची मिनिटं करायची राहतात, किंवा सेटच्या पाकिटावर लिहिलेले थेंब न बघता पाठ केलेला आकडा टाकला जातो. ६० थेंबांच्या मायक्रोसेटला तासाचे मिली तेच मिनिटाचे थेंब, म्हणजे इथे १२५. इन्सुलिन तर हातात घेतल्याशिवाय शिकवूच नका. एका मिलीत ४० युनिट असलेल्या व्हायलला लाल टोपणाची सिरिंज लागते, १०० च्या व्हायलला नारिंगी. ४० च्या व्हायलमधून नारिंगी सिरिंजनं दहाच्या खुणेपर्यंत औषध ओढलं, तर पेशंटला दहा नाही, चारच युनिट मिळतं. हे तास सगळ्या वर्गासाठी ठेवा. "कमकुवत मुलींसाठी जादा तास" असा बोर्ड लावलात तर ज्यांना गरज आहे त्याच येणार नाहीत. आणि इंग्रजी माध्यमातल्या मुलीही याच चुका करतात.

भाषेची दुसरी बाजूही पाहा. नंदुरबारमधल्या धडगाव-अक्कलकुव्याकडची मुलगी भिली किंवा पावरी बोलते, गडचिरोलीतल्या भामरागडची माडिया. इंग्रजीत अडखळणारी हीच मुलगी त्या भागातल्या पेशंटशी इन्चार्ज सिस्टरपेक्षा चांगलं बोलू शकते. याची नोंद तिच्या मूल्यमापनात व्हायला हवी. मात्र तिला दिवसभर फुकटची दुभाषी करू नका. ऑपरेशनची संमती तिच्या तोंडून घ्यायला लावणं तर अजिबात नको, ती जबाबदारी विद्यार्थिनीची नाही. पुण्या-मुंबईच्या कॉलेजांत केरळ आणि ईशान्येकडून आलेल्या मुलींची अडचण उलटी असते. "कळ येते", "मळमळतंय", "अंगावरून जातंय", "पोट साफ झालं का" हे त्यांना कुणीतरी शिकवलं पाहिजे. दोघींची जोडी लावा. एकमेकींना शिकवताना कुणीच उपकाराखाली राहत नाही.

वॉर्ड. पेशंटच्या आणि नातेवाइकांच्या समोर ओरडा खाणं हे मुली सोडून जाण्याचं मोठं कारण आहे. इन्चार्ज सिस्टर तुमच्या कॉलेजच्या नोकरीत नसतात, त्यामुळे त्यांना परिपत्रक काढून भागत नाही. वॉर्डातलं पोस्टिंग सुरू होण्याआधी मेट्रनसोबत (हॉस्पिटलच्या नर्सिंग प्रमुखांसोबत) बसून दोन गोष्टी ठरवा: चूक धोकादायक असेल तर तिथल्या तिथे थांबवायचं, बाकी सगळं ट्रीटमेंट रूममध्ये नेऊन सांगायचं. आणि कोणती मुलगी कुठल्या प्रवर्गातली, याची यादी वॉर्डात जाता कामा नये. कोण नेहमी बेडपॅन आणि साफसफाईला आणि कोण नेहमी इंजेक्शन ट्रॉलीला, हे दर पंधरा दिवसांनी मुलींच्या कामाची नोंद असलेल्या लॉगबुकांवरून तपासा. बोलून दाखवला जात नाही तो भेदभाव तिथे सापडतो.

युनिफॉर्मचे नियम संसर्गाच्या आधारावर लिहा, धर्माच्या नाही. कोपराखाली काही नको: बांगड्या, कडं, दोरे, घड्याळ, अंगठ्या सगळं बाहेर, सगळ्यांना सारखं. नाडी मोजायचं घड्याळ खिशाला लावायचं. डोक्यावरचा रुमाल चालेल, पण आवळून बांधलेला, टोकं आत खोचलेली आणि रोज धुतलेला. ऑपरेशन थिएटरात त्यावरून तिथलीच टोपी. कपाळावरचं, हातावरचं गोंदण संसर्गाच्या दृष्टीनं काहीच करत नाही, त्यावरून एक शब्दही कुणी बोलू नये. रमजानमध्ये रोजे धरणारीला इफ्तारच्या वेळी वीस मिनिटं सोडा आणि तिनं ती दुसऱ्या दिवशी भरून द्यावीत, इतकं साधं आहे ते.

हजेरीकडे मात्र डोळेझाक करू नका. परीक्षेला बसायला प्रत्येक विषयात ८० टक्के लागते, कारण कुठलंही असो. आणि पदवी मिळण्याआधी प्रॅक्टिकलचे तास शंभर टक्के पूर्ण व्हावे लागतात. सातपुड्यातली मुलगी होळीला घरी जाणारच. अडवलंत तर न सांगता जाईल आणि आठ दिवसांनी येईल. त्यापेक्षा सेमिस्टरच्या सुरुवातीला प्रत्येकीकडून तिच्या घरच्या मोठ्या सणाच्या तारखा घ्या आणि अदलाबदल लावा: होळीला जाणारी गणपतीत ड्यूटी करेल, नाताळला जाणारी दिवाळीत. भरून काढायचे तास आधीच लिहून तिची सही घ्या.

मुलग्यांबद्दल थोडक्यात. त्यांना प्रसूती कक्षाच्या पोस्टिंगमधून वगळणं ही मदत नाही, पुढे लॉगबुक अपुरं राहतं. बाईची परवानगी विचारायची, सोबत स्त्री ट्यूटर किंवा सिस्टर असायची, आणि ती नाही म्हणाली तर दुसरी केस. हे विचारायचं काम ट्यूटरचं. मुलांसाठी कपडे बदलायला वेगळी खोली आहे का, तेही पाहा. बऱ्याच ठिकाणी नसते.

अपंगत्वाबाबत भारतीय नर्सिंग परिषदेच्या २०२१ च्या नियमात पायांच्या ४० ते ५० टक्के अपंगत्वासाठी पाच टक्के जागा आहेत. प्रवेश झाला की काम संपत नाही. ड्रेसिंग करताना बसायला उंच स्टूल, हॉस्टेलला तळमजला, पोस्टिंगचे वॉर्ड लिफ्टजवळचे, पेशंट उचलायला कायम दोघी. लिहिण्या-वाचण्याची अडचण असलेल्या मुलीला परीक्षेत तासाला वीस मिनिटं जादा मिळू शकतात, पण प्रमाणपत्र आणि विद्यापीठाची परवानगी हॉल तिकिटाच्या आठवड्यात मागून मिळत नाही. नोंदणी होतानाच अर्ज करा.

तक्रारींसाठी समान संधी कक्ष, भेदभावविरोधी अधिकारी, रॅगिंगविरोधी समिती आणि लैंगिक छळासाठी अंतर्गत समिती, ही नावं आणि फोन नंबर हॉस्टेलच्या बाथरूमच्या दारामागे लावा. नोटीस बोर्डासमोर उभं राहून नंबर उतरवून घेताना सगळ्या बघतात. रॅगिंगचा देशपातळीवरचा नंबर १८००-१८०-५५२२. लैंगिक छळाच्या तक्रारीला तीन महिन्यांची मुदत असते, आणि घटना हॉस्पिटलात घडली असेल तर "हे आमचं नाही" असं कॉलेज आणि हॉस्पिटल दोघंही म्हणतात. म्हणून दोन्हीकडच्या समित्यांची नावं एकाच कागदावर हवीत. तक्रार आल्यावर पोस्टिंग बदलायचंच असेल, तर ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याची ड्यूटी आधी हलवा. मुलीला हलवलंत तर तिचे तास बुडतात आणि बाकीच्या मुली तोंड उघडत नाहीत.