मूठभर कामगारांच्या संपाने एवढी मोठी मोटार कंपनी कशी बंद पडते, आणि शेवटी फटका कोणाला बसतो?

तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर सरळ आहे: संपावर किती जण गेले यापेक्षा ते काय बनवत होते, हे महत्त्वाचं. दुसऱ्या प्रश्नाबद्दल मात्र माझं मत जरा एकांगी असेल, कारण मी सुटे भाग पुरवणाऱ्या कंपनीत प्रॉडक्शन प्लॅनिंगला बरीच वर्षं काढली आहेत.

संपाला खरी धार आली ती मोटार कंपन्यांनी स्वतःची गोदामं रिकामी केल्यावर. टोयोटाची ‘लागेल तेव्हा, लागेल तेवढंच’ ही पद्धत बाकीच्यांनीही उचलली. माल पडून राहत नाही, पैसा अडकत नाही, सगळं छान. पण मग एक भाग यायचा थांबला की गाड्या जुळवायची लाइन काही तासांत थांबते. मार्च १९९६ मध्ये ओहायोतल्या डेटनला जनरल मोटर्सच्या ब्रेक बनवणाऱ्या दोन कारखान्यांत संप झाला. संपावर सुमारे ३,००० कामगार होते आणि वाद होता बाहेरून माल घेण्याचा. सतरा दिवसांत कंपनीचे उत्तर अमेरिकेतले बहुतेक जुळणी कारखाने ठप्प झाले. ब्रेक नसलेली गाडी कोण बाहेर काढणार? १९९८ मध्ये मिशिगनमधल्या फ्लिंटला जनरल मोटर्समध्येच हे पुन्हा घडलं. तिथेही दोनच कारखाने होते, पण यावेळी संप ५४ दिवस चालला आणि एक लाखाहून जास्त कामगार हाताला काम नाही म्हणून घरी बसले.

हा धडा कंपन्यांपेक्षा संघटनेने जास्त नीट गिरवला. २०२३ मध्ये युनायटेड ऑटो वर्कर्स या अमेरिकी मोटार कामगार संघटनेचे अध्यक्ष शॉन फेन यांनी फोर्ड, जनरल मोटर्स आणि स्टेलांटिस या तिघींविरुद्ध एकाच वेळी संप पुकारला, पण सुरुवातीला संपावर काढले प्रत्येकीच्या एकाच कारखान्यातले कामगार, मिळून तेरा हजारांच्या आसपास. सभासद होते जवळपास दीड लाख! संपकऱ्याला संघटनेच्या निधीतून आठवड्याला ५०० डॉलर द्यायचे होते, म्हणजे सगळ्यांना बाहेर काढलं असतं तर तिजोरी झरझर रिकामी झाली असती. बाकीच्यांचा पगार कंपनीच देत राहिली, आणि पुढचा नंबर कोणाचा हे व्यवस्थापनाला कळायला मार्ग नव्हता. ११ ऑक्टोबरला फोर्डचा लुइव्हिलमधला केंटकी ट्रक प्लांट संघटनेने अचानक बंद पाडला. ८,७०० कामगार आणि कंपनीचा सर्वात जास्त नफ्याचा कारखाना. दोन आठवड्यांत फोर्डशी तडजोड झाली. मी आयुष्यभर टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसलो, तरी या डावाला दाद दिल्यावाचून राहवत नाही.

कंपन्यांचं नुकसान खोटं नसतं. २०१९ च्या चाळीस दिवसांच्या संपाचा फटका जनरल मोटर्सनेच ३.६ अब्ज डॉलरचा सांगितला होता. पण बुडालेलं उत्पादन पुढे ओव्हरटाइम लावून बरंचसं भरून काढता येतं, हे ताळेबंदाच्या बातम्यांत कोणी फारसं लिहीत नाही. २०२३ च्या करारात साडेचार वर्षांत २५ टक्के पगारवाढ ठरली. फोर्डच्या म्हणण्याप्रमाणे त्याने गाडीमागे सुमारे ९०० डॉलरचा मजुरी खर्च वाढणार होता. हा आकडा कंपनीचा आहे, त्यामुळे जरा हात राखून घ्या. गंमत म्हणजे करार होताच टोयोटा, होंडा आणि ह्युंदाईनेही आपल्या अमेरिकेतल्या बिगर-युनियन कारखान्यांत पगार वाढवले. तिथल्या कामगारांनी एक तासही संप केला नव्हता.

आता आमची बाजू. एका मोठ्या गिऱ्हाईकाकडे संप झाला तेव्हा दुसऱ्या दिवशी आमचा ट्रक गेटवरून भरलेलाच परत आला. प्रेस केलेल्या ब्रॅकेटच्या ट्रॉल्या आधी डिस्पॅचमध्ये, मग जागा संपल्यावर व्हरांड्यात उभ्या केल्या. वरून तेलाचा हात मारला होता, तरी कडेने तांबूस डाग दिसायला लागले. पाचव्या दिवशी मी प्रेस शॉपच्या सुपरवायझरला सांगितलं की सहा कंत्राटी पोरं कमी करावी लागतील. तो म्हणाला, “साहेब, संप त्यांचा आणि सुट्टी आमच्या पोरांना?” काय बोलणार? संपावरच्यांना निधी होता, वाटाघाटीत त्यांचा माणूस बसलेला होता. या सहा जणांचं नाव कुठल्याच कागदावर नव्हतं, आमच्याही नाही. ठेकेदाराच्या वहीत होतं.

संप मिटला त्याच संध्याकाळी दुप्पट शेड्यूल आलं, तेही दुसऱ्या दिवशी सकाळपासून. ठेकेदाराला फोन लावला तर सहापैकी दोघेच यायला तयार झाले. बाकीच्यांनी तोवर दुसरीकडे काम धरलं होतं. पहिल्या ट्रकमधून गेलेल्या व्हरांड्यातल्या ट्रॉल्या गंजाचा शेरा मारून परत आल्या, आणि त्याचं डेबिट, म्हणजे बिलातून कापलेली रक्कम, आमच्याच नावावर पडलं.