मुलीची एफडी मोडून वजनाचं ऑपरेशन करावं का?

नागपूरच्या मानेवाड्याहून एका ताईंचं पत्र आलंय. वय ४३, उंची १६३ सेंटिमीटर, वजन ११२ किलो. नऊ वर्षांपासून शुगर, दोन वर्षांपासून इन्सुलिन, रात्री झोपेत श्वास अडकतो. धंतोलीतल्या एका हॉस्पिटलने दुर्बिणीतून स्लीव्हचा (पोटाचा मोठा भाग कापून ते नळीसारखं लहान करण्याचा) खर्च ४ लाख २० हजार सांगितलाय, बायपासला (पोट लहान करून थेट पुढच्या आतड्याला जोडायला) ७० हजार जास्त. यजमान बुटीबोरीला कंपनीत आहेत, हातात ४८ हजार येतात. ताई घरी ब्लाउज शिवून दहा-बारा हजार मिळवतात. सहा लाखांची एफडी आहे, ती मुलीच्या इंजिनिअरिंगसाठी दोन वर्षांनी लागेल. पाच लाखांच्या फॅमिली फ्लोटरला, म्हणजे कुटुंबाच्या आरोग्य विम्याला, पुढच्या जूनमध्ये तीन वर्षं होतील, आणि त्यात या ऑपरेशनची वेटिंगही (तोवर क्लेम मिळत नाही) तीन वर्षांचीच आहे. त्या लिहितात, "एफडी मोडू की पर्सनल लोन काढू? मुलीच्या पैशाला हात लावायची हिंमत होत नाही, पण दुसऱ्या मजल्यावर चढताना मधेच बसावं लागतं."

ताई, हा खर्च चैनीचा नाही, हे आधी मनातून काढून टाका. तुमच्या पत्रात तीनदा "माझ्यावर एवढे पैसे" असं आलंय. स्वीडनमध्ये १९८७ पासून सुमारे चार हजार लठ्ठ लोकांवर लक्ष ठेवलं गेलं, निम्म्यांचं ऑपरेशन झालेलं, निम्म्यांचं नाही. २०२० मध्ये आलेल्या आकड्यांनुसार ऑपरेशनवाल्यांचं आयुष्य दुसऱ्या गटापेक्षा सुमारे तीन वर्षांनी जास्त निघालं. तीही बहुतेक जुन्या पद्धतीची ऑपरेशनं होती. त्यामुळे करायचं का, हे तुम्ही आणि डॉक्टर ठरवा. पैशाच्या बाजूने माझी हरकत नाही. हरकत आहे ती आजच करण्याला.

पर्सनल लोनचं गणित बघा. १४ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी ४ लाख २० हजार घेतले तर हप्ता ९,७७० च्या आसपास बसतो आणि व्याजातच १ लाख ६६ हजार जातात. तेच ऑपरेशन दहा महिन्यांनी विम्यातून होऊ शकतं. म्हणून डॉक्टरांना एकच प्रश्न सरळ विचारा: जूनपर्यंत थांबलं तर जिवाला धोका आहे का? श्वास अडकण्यावर तोवर सीपॅप मशीन (झोपेत मास्कमधून हवेचा दाब देणारं) चालेल का, हेही विचारा. ते भाड्यानेही मिळतं. डॉक्टर थांबू नका म्हणाले, तर थांबू नका. तेव्हाही एफडी मोडायची नाही, तिच्यावर कर्ज काढायचं. बँक एफडीच्या व्याजापेक्षा साधारण एक-दोन टक्के जास्त घेते, पर्सनल लोनच्या मानाने खूपच स्वस्त. आणि मुलीच्या फीसाठी शैक्षणिक कर्ज मिळतं, आईच्या तब्येतीसाठी तसली सोय नाही. तिलाही हे सांगा, ती समजून घेईल.

थांबायचं ठरलं तर हे दहा महिने फाइल तयार करण्याचे आहेत. विमा नियामकाच्या नियमानुसार लठ्ठपणाच्या ऑपरेशनचा क्लेम मिळायला बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) ४० किंवा त्याहून जास्त लागतो. नाहीतर ३५ किंवा त्याहून जास्त असून सोबत तीव्र स्लीप अ‍ॅप्निया (झोपेत श्वास अडकणं), आटोक्यात न येणारा टाइप २ मधुमेह किंवा हृदयविकार असावा लागतो, आणि आधीचे साधे उपाय फसलेले असावे लागतात. तुमचा आज ४२ आहे. सहा किलो उतरले की तो ४० च्या खाली येतो. म्हणून कोणी "क्लेम होईपर्यंत डाएट करू नका" म्हटलं तर ऐकू नका. तुमच्या उंचीला ३५ म्हणजे ९३ किलो, तिथवर खूप जागा आहे. फक्त दुसरा आधार कागदावर हवा: आत्ताच स्लीप स्टडी करा, दर तीन महिन्यांचा एचबीए१सी (सरासरी शुगरची रक्ततपासणी) ठेवा, आहारतज्ज्ञाच्या चिठ्ठ्या तारखेसह जपा. पॉलिसी घेताना फॉर्ममध्ये मधुमेह लिहिला होता ना, ते आजच तपासा. लिहिला नसेल तर क्लेम तिथेच अडकेल, आणि मग मला लगेच कळवा, कारण मग सगळा हिशेब बदलतो. नूतनीकरणात एक दिवसाचाही खंड नको.

लोनचा हप्ता भरायची तुमची तयारी होतीच, त्यातले आठ हजार दर महिन्याला आरडीत टाका. जूनपर्यंत ८० हजार होतील, आणि ते लागणार आहेत. तुम्ही पाठवलेला एस्टिमेटचा कागद मी भिंगाखाली वाचला. खाली बारीक अक्षरात आहे: "स्टेपलर कार्ट्रिज प्रत्यक्ष वापरानुसार." पोट कापून शिवणाऱ्या त्या यंत्राचं एकेक कार्ट्रिज महाग असतं आणि एका ऑपरेशनला बरीच लागतात. किती धरलीत, जास्त लागली तर दर काय, आयसीयूचा दिवस वाढला तर किती, हे सही-शिक्क्यासह लिहून घ्या. पॉलिसीत रूमभाड्याची मर्यादा असेल तर महागड्या खोलीत जाऊ नका, बाकीच्या बिलातलाही काही भाग त्या प्रमाणात कापला जातो.

आता तुम्ही एका ओळीत उरकलेली गोष्ट. रोज सकाळी अ‍ॅसिडिटीची गोळी लागते, असं लिहिलंय. ७० हजार वाचवायला स्लीव्ह घेणार असाल तर आधी तोंडातून दुर्बीण घालून अन्ननलिका-पोटाची तपासणी (एंडोस्कोपी) करून घ्या. फिनलंडमध्ये २४० जणांवर स्लीव्ह आणि बायपासची तुलना झाली. दहा वर्षांनी अन्ननलिकेला सूज स्लीव्हवाल्यांत ३१ टक्के, बायपासवाल्यांत ७ टक्के. स्वित्झर्लंडच्या अभ्यासातही जळजळ वाढण्याचा कल तसाच दिसला. पुढे त्रासापायी स्लीव्हचं बायपास करावं लागलं, तर वाचवलेले ७० हजार कुठल्या कुठे जातील. कोणतं ऑपरेशन, ते सर्जनने पोट बघून ठरवावं, रेट बघून नाही. मिहानला एम्समध्ये दुसरं मत घेऊन या, एक दिवस गेला तरी चालेल.

"इन्सुलिन बंद होईल, महिन्याचे ५,२०० वाचतील" हे मात्र हिशेबात धरू नका. अमेरिकेतल्या १५० मधुमेहींच्या अभ्यासात पाच वर्षांनी एचबीए१सी ६ किंवा खाली राहिला तो बायपासवाल्यांपैकी २९ टक्क्यांचा, स्लीव्हवाल्यांपैकी २३ टक्क्यांचा, नुसत्या औषधांवर ५ टक्क्यांचा. फरक मोठा आहे, पण बहुतेकांची शुगर त्या पातळीवर राहिली नाही. तुमची शुगर जुनी, शिवाय इन्सुलिनवर. वजनही त्यात पाच वर्षांनी स्लीव्हने सरासरी १९ टक्के उतरलेलं होतं. तुमच्या बाबतीत म्हणजे २१ किलो. कोणी ५० किलोचं स्वप्न विकत असेल तर सावध राहा.

नंतरचा खर्चही आयुष्यभराचा आहे: बी१२, लोह, कॅल्शियम, डी जीवनसत्त्व, दरवर्षी रक्ततपासणी. माझ्या मोठ्या बहिणीचं ऑपरेशन होऊन सहा वर्षं झाली. आज ती तर्री पोहे चहाच्या चमच्याने, छोट्या वाटीतून, अर्धा तास लावून खाते आणि खूश असते. पण तिसऱ्या वर्षी "आता बरी आहे" म्हणून तिने गोळ्या सोडल्या, आणि काही महिन्यांनी तळपायाला मुंग्या यायला लागल्या. आता गोळ्यांचा डबा मिठाच्या बरणीला लागून असतो. यासाठी महिन्याला दीड हजार कायमचे बाजूला काढा.

जूनमध्येही मृग लागू द्या. ऑपरेशननंतर पाणी घोट-घोट प्यावं लागतं, आणि शरीरातलं पाणी कमी होऊन पुन्हा भरती व्हावं लागण्याचे प्रकार नेहमीचे आहेत. आपल्याकडच्या मे महिन्यात ते नको. तारीख ठरवताना सर्जनशी हे बोला.

आणि सगळ्यात आधी, उद्याच, यजमानांना कंपनीच्या एचआरकडून ग्रुप मेडिक्लेमची पूर्ण प्रत मागायला सांगा. अशा पॉलिसीत जुन्या आजारांना बहुतेकदा वेटिंग नसते. त्यात तुमचं नाव असेल आणि बॅरिएट्रिक, म्हणजे वजनाचं ऑपरेशन, वगळलेलं नसेल, तर कदाचित जूनपर्यंत थांबायचीही गरज नाही. फक्त कार्ड पाठवू नका, अटींची पानं पाठवा.