मोटरहोमने महिनोन्महिने फिरताना इन्सुलिन कुठे ठेवायचं?

न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंश सेल्सिअसमध्येच हवं. उन्हाची काळजी सगळेच घेतात, गोठण्याकडे मात्र लक्ष जात नाही. गाडीतल्या फ्रिजमध्ये मागच्या गार पट्ट्यांना टेकलेली बाटली रात्रीत गोठू शकते. गोठलेलं इन्सुलिन वितळलं तरी टाकूनच द्या. चांगलं इन्सुलिन डब्यात घालून मधल्या कप्प्यात पुढच्या बाजूला ठेवा, शेजारी छोटा थर्मामीटर. फ्रिज गॅसवर चालणारा असेल तर गाडी सपाट जागीच उभी करा, कललेल्या गाडीत तो नीट गार करत नाही. वापरातलं इन्सुलिनचं पेन फ्रिजबाहेर चालतं, बहुतेक प्रकारांचं साधारण २८ दिवस, पण डॅशबोर्डवर कधीच नको. उघडल्याची तारीख त्यावर लिहाच. आणि हो, डॉक्टरांच्या चिठ्ठीचा फोटो फोनमध्ये असू द्या, अनोळखी गावात औषध संपलं तर फार उपयोगी पडतो.