जुन्या विनोदी कादंबऱ्या आजच्या मुलांना हसवत का नाहीत?

प्रश्न: सांगलीत राहतो. सातवीतल्या मुलाला आमच्या लहानपणच्या विनोदी कादंबऱ्या काढून दिल्या. तो हसत तर नाहीच, वर 'यांनी सरळ फोन का नाही केला?' असं विचारतो. पुस्तकं शिळी झाली की मुलगा?

उत्तर: मुलाचा प्रश्न रास्त आहे, आणि बिघाड कुठं आहे तेही त्यातच आलंय. जुन्या विनोदात पुष्कळदा माणूस शहाणाच असतो, परिस्थिती त्याला नाचवते. ती परिस्थिती वाचणाऱ्याला दिसली नाही की सगळा दोष त्या माणसावर येतो. मग तो नुसता बावळट वाटायला लागतो, आणि बावळट माणसाचा मुलांना लवकर कंटाळा येतो.

कॅमेरा घ्या. लग्नात लेन्सवरचं झाकण न काढताच रोल संपवला, असा एखादा प्रसंग असतो. मोबाईलवर वाढलेल्या मुलाला वाटतं, समोर काळं दिसत असताना याला कळलं कसं नाही? पण साध्या कॅमेऱ्यात बघायची खिडकी वेगळी आणि लेन्स वेगळी. झाकण तसंच असलं तरी खिडकीतून नवरा-नवरी छान दिसायचे. रोलमध्ये 8, 12 किंवा फार तर 36 फोटो, आणि तो धुऊन येईपर्यंत मांडव उतरलेला. तसंच बॉक्स कॅमेऱ्यात फिल्म पुढं सरकवायला विसरलं की त्याच जागी दुसरा फोटो उमटायचा आणि नवरदेवाच्या फेट्यातून म्हशीची शिंगं निघायची. एवढं आधी सांगितलं की फजिती पुन्हा फजिती वाटते.

तारेला मात्र जास्त वेळ द्या, कारण जुन्या विनोदातले निम्मे घोटाळे तिच्यावर उभे असतात. भारतातली तार सेवा 15 जुलै 2013 पासून बंद झाली, म्हणजे तुमच्या मुलाला ती फक्त पुस्तकातच भेटणार. त्याला दोन गोष्टी माहीत हव्यात. तार म्हणजे बहुधा वाईट बातमी, त्यामुळे पाकीट फोडायच्या आधीच घरात रडारड. आणि ठरावीक शब्दांच्या वर प्रत्येक शब्दाला पैसे, त्यामुळे लोक शब्द गाळायचे. हे सांगण्यापेक्षा करून घ्या. त्याला म्हणा, 'आजी सकाळच्या गाडीने सांगलीला गेली, संध्याकाळी पोचेल, स्टेशनवर जा' हा निरोप पाठव. दर शब्दाला 2 रुपये, तुझ्या खाऊच्या पैशातून. पैसे वाचवत वाचवत पोरगं शेवटी 'आजी गेली' वर येतं. मग तोच कागद घरातल्या दुसऱ्या कुणाला वाचायला द्या. पुढचं समजावून सांगावं लागत नाही.

ट्रंक कॉलचंही, म्हणजे बाहेरगावी लावायच्या फोनचंही, तसंच. एक्स्चेंजला नंबर देऊन तासन्‌तास बसायचं, लागला की ओरडून बोलायचं, दर तीन मिनिटांनी ऑपरेटर मध्ये येणार. फोन बहुधा शेजारच्या घरी, म्हणून खाजगी गोष्ट अख्ख्या आळीला कळायची. पुढं घरोघरी फोन आले तरी फोन कुणाचा हे उचलल्याशिवाय कळत नसे. आवाज बदलून बनवाबनवी करणारी सगळी प्रकरणं या एका गोष्टीवर चालतात. आता नाव आधी पडद्यावर येतं.

एक गंमत बघा. टांगा, कंदील, बंब यांनी मूल अडत नाही. ते त्याला ऐतिहासिक मालिकेसारखं वाटतं. सगळ्यात लवकर शिळं होतं ते वीस-तीस वर्षांपूर्वीचं: पेजर, कॅसेट, एसटीडी बूथ. जग तर आपल्यासारखंच, मग ही माणसं अशी का वागतात, असं त्याला होतं. म्हणून 1990 च्या आसपासची कादंबरी 1940 च्या कादंबरीपेक्षा जड जाऊ शकते. देशात मोबाईल 1995 साली आला, पण सामान्य माणसाच्या खिशात पोचायला बरीच वर्षं गेली. हा मधला पट्टा मुलांना सर्वांत अवघड जातो.

पैशांचं थोडक्यात. 1 एप्रिल 1957 ला दशमान नाणी आली. त्याआधी रुपयाचे 16 आणे, म्हणजे 64 पैसे. चार आण्यांवरून झालेलं भांडण कळावं म्हणून आजची किंमत काढत बसू नका. त्याच पुस्तकात चहा, टांगा, पगार यांचे जे आकडे येतील ते बुकमार्कवर लिहायला सांगा, तुलना आपोआप होते. प्रवासालाही हेच लागू. पुणे-मिरज रेल्वेमार्ग 1971 च्या सुमारास रुंद (ब्रॉडगेज) झाला. त्याआधी रुळांची रुंदी वेगळी असल्याने तुमच्याकडून मुंबईला जाताना पुण्यात गाडी बदलावीच लागे. सामानाची अदलाबदल तिथंच व्हायची, लेखकाने ती उगाच घुसडलेली नाही.

तारेच्या जागी व्हॉट्सअ‍ॅप घातलेली 'आजची' आवृत्ती निघाली तर घेऊ नका. एका ठिकाणी मोबाईल दिला की चार पानांनी गाठ सुटते, मग लेखकाला दर प्रकरणात रेंज घालवावी लागते नाहीतर बॅटरी संपवावी लागते. कोयनेच्या खोऱ्यात हे एकदा पटेल, दहा वेळा नाही.

आता करायचं काय? पुस्तक देण्याआधी पहिली तीस-चाळीस पानं पेन्सिल घेऊन स्वतः चाळा. प्रत्येक विनोदाला एकच कसोटी लावा: पात्राच्या हातात मोबाईल दिला तर प्रसंग उरतो का? कंजूषपणा, बढाई, सासऱ्यापुढची तारांबळ हे उरतंच; तिथं काही सांगू नका. उरत नसेल तिथं खूण करा आणि ते प्रकरण सुरू व्हायच्या आधी दोन वाक्यांत सांगा. विनोदाच्या मधोमध थांबून सांगितलं की तो मेला. पानाखालची टीपही हेच करते. दर प्रकरणात अशा तीन-चार खुणा पडायला लागल्या तर ते पुस्तक दोन वर्षांनी काढा.

सुरुवात सलग कादंबरीने न करता सुट्या प्रसंगांच्या पुस्तकाने करा, म्हणजे एक प्रकरण फसलं तरी पुढचं वाचता येतं. पहिलं प्रकरण तुम्ही मोठ्याने वाचा. त्या काळच्या बोलण्याची लय कानावर पडली की मूल पुढं स्वतः वाचतं. निवड करायला सातारा जिल्ह्यात पाचगणीजवळचं भिलार बरं पडेल. 2017 पासून ते पुस्तकांचं गाव आहे, घराघरांत बसून वाचता येतं. मुलालाच तीन-चार पुस्तकं चाळू द्या आणि ज्यावर तो आपण होऊन हसेल ते विकत घ्या.