आठ पोळ्यांची कणीक

प्रिय ताई,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. ऑगस्टच्या शेवटी धाकट्याला मिशिगनला वसतिगृहात सोडून आलात, थोरली आधीच सिएटलला नोकरीला. दोन महिने होत आले, तरी पीठ काढायला गेलं की हात आठ पोळ्यांचंच काढतो, आणि उरलेल्या चार पोळ्यांची फोडणीची पोळी करून दुसऱ्या दिवशी दुपारी तुम्ही एकट्याच खाता. शेवटी लिहिलंत, 'एवढ्याशा गोष्टीचं रडू येतं याची लाज वाटते.'

लाज मुळीच बाळगू नका. माझी मुलगी बाहेर राहायला गेली तेव्हा तिच्या पलंगावरची चादर मी दीड महिना धुतली नव्हती. कुणी विचारलंच तर 'वेळ झाला नाही' म्हणायचे. वेळच वेळ होता.

'आता काय, सुटलीस! फिरा, मजा करा,' असं मंडळातल्या मैत्रिणी म्हणतात आणि ते ऐकून तुम्हाला आणखीच एकटं वाटतं. वाटणारच. तुम्ही २००४ साली न्यू जर्सीत एडिसनला आलात त्या एच-फोर व्हिसावर, म्हणजे इथे नोकरीला आलेल्याच्या जोडीदाराला मिळणाऱ्या व्हिसावर, नोकरीला बंदी होती. २०१५ च्या मे महिन्यात त्यातल्या काही जणींना, नवऱ्याची ग्रीन कार्डची प्रक्रिया ठरावीक टप्प्यावर पोहोचलेल्यांना, काम करायची परवानगी मिळू लागली. तोवर तुमचा दिवस मुलांच्या वेळापत्रकाला बांधला गेला होता. गाडी शिकलात ती बालवाडीत सोडा-आणायला. ओळखी झाल्या त्या स्कूलबसच्या थांब्यावर, पोहण्याच्या क्लासबाहेर, रविवारच्या मराठी शाळेत. दिवसभर मराठी बोलायचात तीही मुलांशीच. म्हणजे ताई, ऑगस्टमध्ये मुलगा तर गेलाच, पण तुमचं वीस वर्षांचं काम संपलं, या देशाशी तुम्हाला जोडणारा धागा सैल झाला आणि घरातली मराठीही निम्मी झाली. नोकरीतून निवृत्त होणाऱ्याला शाल-श्रीफळ तरी मिळतं. तुम्हाला 'सुटलीस' मिळालं.

म्हणून 'एखादा छंद लावून घ्या' हे मी आज सांगणार नाही. आधी डॉक्टरांकडे जाऊन या.

पहाटे तीनला जाग येते, अंगातून वाफा निघतात, पायऱ्या चढताना दम लागतो, असं तुम्ही ओझरतं लिहिलंय. मला पत्रातली सगळ्यात महत्त्वाची ओळ तीच वाटली. तुमचं वय एक्कावन्न. मुलं घराबाहेर पडायची वेळ आणि आपली पाळी जायची वेळ पुष्कळदा एकच येते. झोप मोडणं, चिडचिड, उगाच भरून येणं यांतलं बरंच त्याचंही असू शकतं, आणि त्यावर उपचार आहेत. शिवाय तुम्ही पूर्ण शाकाहारी. बी-१२, ड जीवनसत्त्व, थायरॉईड आणि हिमोग्लोबिन तपासायला सांगा. बी-१२ कमी असलं की थकवा येतो आणि मनही खचतं, त्याला नुसत्या धीराच्या शब्दांनी काय होणार? डॉक्टर बहुधा नऊ प्रश्नांचा एक कागद भरायला देतील, गेल्या दोन आठवड्यांत मन कसं होतं याबद्दलचा. तो भरताना 'तसं ठीक आहे' असं आपल्या सवयीने लिहू नका, खरं लिहा. इंग्रजीत मनातलं सांगणं जड जात असेल तर मराठी दुभाषा मागा. बहुतेक रुग्णालयांना तो विनामूल्य द्यावा लागतो, पुष्कळदा फोनवर असतो.

कशातच मन लागत नाही, जेवण जात नाही, असं दोन आठवडे रोज चाललं तर ते नुसतं आठवण येणं नव्हे, त्याला उपचार लागतात. आणि जगणंच नकोसं वाटलं तर त्याच क्षणी फोन उचला: अमेरिका आणि कॅनडात ९८८, ब्रिटनमध्ये ११६ १२३, ऑस्ट्रेलियात १३ ११ १४.

आता फोनचं. दिवसातून चारदा मेसेज, आणि उत्तर आलं नाही की नकाशावर तो कुठे आहे ते बघणं, हे थांबवा. तो रात्री दोनला ग्रंथालयात दिसला तरी एडिसनहून तुम्ही काय करणार? फक्त तुमची झोप जाते. रविवारची एक वेळ दोघांनी मिळून ठरवा. मधल्या दिवसांत मराठीत छोटा आवाजी निरोप पाठवा, पण त्यात प्रश्न नको. अंगणात हरणं आली होती, आज वालाची उसळ केली, एवढंच. माझ्या मुलीला विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं कधी आली नाहीत, पण उसळीच्या निरोपावर मात्र तिने कृती विचारली.

रात्रीच्या धास्तीवर एक रोखठोक उपाय आहे. अठरा पूर्ण झाल्यावर कायद्याने तो सज्ञान. कॉलेज त्याचे गुण सहसा त्याच्या परवानगीशिवाय तुम्हाला कळवत नाही, आणि त्याला रुग्णालयात ठेवलं तरी डॉक्टर तुमच्याशी मोकळेपणी बोलतीलच असं नाही. थँक्सगिव्हिंगला घरी आला की दोन कागदांवर त्याची सही घ्या. एक, वैद्यकीय माहिती आईवडिलांना द्यायची परवानगी. दुसरा, तो बोलू शकत नसेल तेव्हा उपचारांचा निर्णय कुणी घ्यायचा याचा. नमुने राज्यागणिक वेगळे असतात, म्हणून न्यू जर्सी आणि मिशिगन दोन्हीकडचं बघा. तो कुरकुरला तर सांगा, 'हे माझ्या झोपेसाठी आहे.'

तुम्ही लिहिता, 'यांना काहीच वाटत नाही, जेवले की टीव्ही लावतात.' आणि त्याच पत्रात दोन पानांनंतर लिहिता, 'शनिवारी हे गॅरेजमध्ये त्याच्या सायकलच्या चाकांत हवा भरत बसले होते. चालवणार कोण आता!' ताई, ती ओळ तुमची तुम्ही परत वाचा. पुढच्या शनिवारी चहाचे दोन कप घेऊन गॅरेजमध्ये जा. बोलायलाच हवं असं नाही, नुसतं शेजारी बसा.

नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी घड्याळं एक तास मागे जातील आणि मग पाचच्या आत अंधार. तो काळ एकटीला जड जातो, म्हणून त्याच्या आधीच संध्याकाळची एखादी तरी गोष्ट बांधून घ्या. मराठी शाळेत शिकवायला माणसं नेहमीच हवी असतात. तुमच्या दोन्ही मुलांची बाराखडी तुम्हीच गिरवून घेतलीत, तुमच्याहून बरं कोण मिळणार त्यांना? नोकरीचं म्हणाल, तर सांगलीची बी.कॉम.ची गुणपत्रकं शोधून ठेवा. इथे भारतातल्या पदवीचं पुष्कळदा आधी मूल्यमापन करून घ्यावं लागतं, त्याला वेळ लागतो. कम्युनिटी कॉलेजात हिशेबाचा एखादा कोर्स जानेवारीच्या सत्रात बसतो का ते पाहा. पण हे सगळं रक्ततपासणीनंतर. आजारी अंगावर नवं ओझं घेऊ नका.

डिसेंबरात पुन्हा लिहा. बी-१२ चा आकडा किती आला ते कळवा, आणि गॅरेजमधल्या चहाचंही.

तुमची,
एडिसनहून चार तासांवर राहणारी एक आई